परिषद, पाहुणा आणि भाषांतराचा भार

'परिषद' हा शब्द आज शैक्षणिक व्यवहारात इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्या पोटात एक जुना न्यायनिवाडा दडलेला आहे हे सहसा ध्यानात येत नाही. भोवती बसणे, एवढाच त्याचा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ. परंतु मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात दहा किंवा किमान तीन विद्वानांची जी परिषद सांगितली आहे ती नुसती भोवती बसत नाही. धर्म कोणता याविषयी संशय उत्पन्न झाला असता ती निर्णय देते आणि तो निर्णय डळमळू द्यायचा नसतो. तेथे कोणी बसायचे हे आधीच ठरलेले असते. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा तो मात्र समोर उभा असतो. परंपरेने सांगितलेल्या कथेत संन्याशाची चार मुले आळंदीहून पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर शुद्धिपत्र मागायला जातात, ती अशाच एका परिषदेसमोर. रेड्याच्या मुखातून वेद वदवण्याचा चमत्कार त्या कथेत का यावा याचा विचार केला तर एक मार्मिक गोष्ट हाती लागते. ज्ञानदेवांना जे म्हणायचे होते ते त्या सभेला पटले म्हणून पत्र मिळाले, असे कथा म्हणत नाही. सभेच्याच भाषेतले, सभेलाच मान्य असलेले वचन एका मुक्या जनावराने उच्चारले, तेव्हा सभा नमली. पात्रतेचा पुरावा सभेने ठरवलेल्या चलनातच द्यावा लागला.

ती आळंदी आज खेड तालुक्यात येते, आणि तालुक्याचे ठिकाण म्हणजे राजगुरुनगर. गावाचे जुने नाव खेड. तालुक्याने ते अजून सोडलेले नाही, गावाने मात्र १९३१ साली लाहोरला फाशी गेलेल्या शिवराम हरी राजगुरू यांचे नाव धारण केले. १९०८ साली येथे जन्मलेला हा मुलगा काशीला संस्कृत शिकायला गेला आणि तेथून क्रांतिकारकांच्या गोटात जाऊन पंजाबी तरुणांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमेच्या काठी वसलेल्या या गावाच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर आणि महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्यावस्त्या आहेत. दक्षिणेला चाकणची औद्योगिक वसाहत, जिच्या कारखान्यांच्या दारांशी पाळी सुटताना मराठीइतकीच हिंदी, भोजपुरी आणि ओडिया ऐकू येते. त्याही पलीकडे आळंदी, वारकऱ्यांची. कनेरसर, निमगाव, दावडी या भागात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी संपादित झाल्या. एका तालुक्याच्या हद्दीत भाषा, जात, श्रम, श्रद्धा आणि जमीन यांचे इतके थर एकावर एक साचलेले असताना 'विविधता' हा विषय घेऊन परिषद भरवायची तर आयोजकांना फार दूर जाण्याचे कारण नाही.

आणि नेमके येथेच प्रश्नाला सुरुवात होते. गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत जी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय चर्चासत्रे झाली त्यांतल्या एखाद्याच नव्हे तर बहुतेकांच्या निमंत्रणपत्रिकेवर विविधता, समावेशकता, आंतरविद्याशाखीयता आणि विद्यापीठांमधील सहकार्य ही पदे आढळतात. येथे कोणत्याही एका महाविद्यालयाचा दोष काढण्याचा हेतू नाही. प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. दीपप्रज्वलन होते, बीजभाषण होते, दुसऱ्या विद्यापीठाशी केलेल्या सामंजस्य कराराच्या प्रतींची छायाचित्रकारासमोर देवघेव होते. जेवणानंतरच्या समांतर सत्रांत प्रत्येकी सात मिनिटे मिळालेले पंधरा-वीस निबंधवाचक असतात आणि श्रोत्यांत बहुधा पुढचे निबंधवाचक. पदवीचे विद्यार्थी बिल्ला लावून चहाची व्यवस्था पाहतात. त्यांच्यातला एखादा भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाडीतून आलेला असतो, एखादीचे वडील चाकणला कंत्राटी कामगार असतात. सभागृहात ज्या विविधतेवर निबंध वाचले जात आहेत ती सभागृहाच्या दाराशी ट्रे घेऊन उभी असते. हे वर्णन उपहासासाठी नाही. उपहास सोपा आहे, आणि प्राध्यापकवर्ग तो स्वतःविषयी मोठ्या हौसेने करतो. कठीण आहे ते या व्यवस्थेत नैतिक चूक नेमकी कोठे आहे हे दाखवणे, कारण वरकरणी कोणाचेच काही बिघडलेले दिसत नाही.

नियमांची भाषा पाहिली तर थोडा उलगडा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निबंधवाचनाला गुण दिले: आंतरराष्ट्रीय परिषदेत दहा, राष्ट्रीय परिषदेत साडेसात, राज्य वा प्रादेशिक पातळीवर पाच, विद्यापीठ वा महाविद्यालयाच्या स्थानिक पातळीवर तीन. २०१८ च्या विनियमांत आकडे बदलले, उतरंड तशीच राहिली: परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला सात, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला पाच, राष्ट्रीयला तीन, राज्य वा विद्यापीठ पातळीला दोन. ज्ञानाची किंमत त्याने कापलेल्या अंतरावर ठरवण्याचा हा हिशेब आहे. राजगुरुनगरच्या अध्यापकाने राजगुरुनगरच्या लोकांपुढे, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच जमिनीविषयी काही सांगितले तर त्याचे मोल सर्वांत कमी. तेच त्याने परक्या शहरात परक्या भाषेत सांगितले तर अनेक पटींनी जास्त. तालुक्यातल्या चर्चासत्राला 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण का लागते आणि त्यासाठी एखाद्या परदेशस्थ पाहुण्याची पडद्यावरची उपस्थिती का पुरेशी ठरते, याचे कारण आयोजकांच्या हौसेत शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधणे न्याय्य होईल. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाला गुणांची गरज आहे. त्याने प्रमाणपत्रासाठी निबंध वाचला म्हणून त्याला ज्ञाननिष्ठेचे धडे देणे हे पोट भरलेल्यांचे काम.

परंतु व्यवस्थेने लादलेली सक्ती दाखवून नैतिक प्रश्न संपत नाही. तो असा: विविधतेच्या नावाने जेव्हा एखाद्याला बोलावले जाते तेव्हा बोलावणारा त्याचे नेमके काय लागतो, काय देणे लागतो? जागा दिली की देणे फिटते का? ऐकून घेतले की फिटते का?

चर्चासत्रांच्या मराठीत एक शब्द रुळला आहे: साधनव्यक्ती. तो इंग्रजी संज्ञेसाठी घडवलेला आहे हे उघड आहे, आणि घडवणाऱ्याच्या मनात काही वावगे नव्हते. तरीही इमॅन्युएल कांट वाचलेल्या कोणालाही तो खटकावा. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच्याकडे नेहमी साध्य म्हणूनही पाहावे, हा कांटच्या नीतिविचाराचा गाभा. आणि आपण तर व्यासपीठावरच्या पाहुण्याला सरळ साधनच म्हणून मोकळे होतो. शब्दावर फार भार देऊ नये हे खरे. पण शब्द कधी कधी व्यवहारापेक्षा प्रामाणिक असतो. विविधतेच्या परिषदेत आदिवासी कवीला, भटक्या जमातीतल्या कार्यकर्त्याला किंवा दुसऱ्या राज्यातल्या अभ्यासकाला बोलावले जाते तेव्हा परिषदेचे साध्य आधीच ठरलेले असते. विषय ठरलेला, उपविषयांची यादी छापलेली, निष्कर्षाचा सूर बीजभाषणात लागलेला. पाहुणा त्या साध्याचे साधन म्हणून येतो. त्याच्या येण्याने साध्य बदलण्याची शक्यता कोणी गृहीत धरलेली नसते.

ही अडचण मराठीत नवी नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ साली ती पुन्हा भरायची तेव्हा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी दिलेला नकार 'ज्ञानोदया'च्या जून १८८५ च्या अंकात छापला गेला आणि मराठी साहित्यविचारात तो आजतागायत पचवला गेलेला नाही. या पत्राचे वाचन बहुधा बंडाचे पत्र म्हणून केले जाते. त्यातला युक्तिवाद मात्र अतिशय शिस्तीचा आहे. ज्यांना माणसामाणसांचे हक्क व्यवहारात उघडपणे मान्य करता येत नाहीत आणि पुढेही करता येतील असे त्यांच्या वर्तनावरून दिसत नाही, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसू शकत नाही, असे जोतीराव सांगतात. आमच्यावर काय गुदरले याची कल्पना त्या मंडळींना येत नाही, तेव्हा सर्वांची एकी करायची असेल तर एकीचे मूळ कशात आहे ते आधी शोधा, असा त्यांचा आग्रह आहे. येथे 'आम्हाला बोलावले नाही' ही तक्रार नाही, बोलावले होते. तक्रार अशी आहे की ज्या विषमतेमुळे सभा ही एका वर्गाची झाली ती विषमता सभेच्या विषयपत्रिकेवर नसताना सभेला येणे म्हणजे तिला सर्वांची सभा असल्याचे प्रमाणपत्र देणे. पाहुण्याची उपस्थिती यजमानाच्या उपयोगी पडते, हे जोतीरावांनी ओळखले होते. पैठणच्या सभेसमोर उभे राहून शुद्धिपत्र मागण्याच्या नेमकी उलट अशी ही कृती आहे: येथे सभाच पत्र मागत होती आणि ते नाकारले गेले.

जोतीराव गेले नाहीत. गेले असते तर काय झाले असते याचे एक उत्तर अर्ध्या शतकानंतर मिळाले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ सालच्या आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले. मंडळ प्रामुख्याने सवर्ण हिंदू सुधारकांचे होते आणि जातिभेद मोडणे हेच त्याचे घोषित ध्येय होते. म्हणजे येथे विषयपत्रिकेवरही विषमताच होती. छापलेले भाषण वाचल्यावर मंडळाने काही भाग गाळण्याची सूचना केली. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि भाषण त्याच वर्षी आंबेडकरांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले. या प्रसंगाचा बोध केवळ सुधारकांच्या भीरुतेपुरता मर्यादित करणे चूक होईल. मंडळातले लोक दांभिक नव्हते. आपल्या समाजात अप्रिय ठरलेले काम ते करत होते. त्यांना आंबेडकर हवे होते, आंबेडकरांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नको होता. निमंत्रण माणसाला दिले जाते आणि संहिता मात्र यजमानाच्या मनात असते, हा पेच प्रामाणिक यजमानालाही चुकत नाही. किंबहुना प्रामाणिक यजमानालाच तो जास्त सतावतो, कारण दांभिकाला संहितेशी कर्तव्यच नसते.

या दोन प्रसंगांवरून असा निष्कर्ष काढता येईल की असमानांची परिषद होऊच शकत नाही. आधी समता, मग संवाद. हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि अर्धवट आहे. समता येईपर्यंत लोकांनी एकमेकांशी बोलूच नये असे म्हणणे म्हणजे समता येण्याच्या मार्गांपैकी एक बंद करणे. शिवाय सहकार्य खरोखर घडल्याचीही उदाहरणे याच परिसरात आहेत, आणि ती घडली ती का घडली हे पाहिल्याशिवाय प्रश्न पुढे सरकत नाही.

पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत १८९७ साली मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची गरज मांडली. परिषदांतून काही निष्पन्न होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचे पुढचे आयुष्य पाहावे. युरोपातल्या संस्थांचे प्रयत्न पहिल्या महायुद्धात अडखळले. १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने काम अंगावर घेतले. त्याच वर्षी त्याच संस्थेत अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन रा. गो. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. महाभारताची आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. शांतिनिकेतन आणि तंजावर येथे पाठ ताडून पाहण्याची केंद्रे होती. आज सामंजस्य करार म्हणून ज्याचा गवगवा होतो ते आंतरविद्यापीठीय सहकार्य येथे अक्षरशः ओळीओळीने घडले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत काश्मीरकडच्या पाठपरंपरेला विशेष वजन दिले, पण दाक्षिणात्य प्रतींतले पाठ फेकून दिले नाहीत. ते प्रत्येक पानाच्या तळाशी दिले आहेत. वाचकाला संपादकाशी असहमत व्हायचे असेल तर त्याची सामग्री संपादकानेच त्याच्या हातात ठेवली आहे.

विविधता सांभाळण्याची ही एक पद्धत झाली, आणि तिचे मोठेपण मान्य करताना तिची मर्यादाही दिसते. वर एक संहिता, खाली पाठभेद. मतभेद जतन होतो, पण तळटीपेत. जोतीरावांचा आक्षेप नेमका तळटीप होण्याला होता. हस्तलिखित मात्र आक्षेप घेत नाही. ते आपल्याला तळाशी का ठेवले असे विचारत नाही. त्यामुळे महाभारताच्या आवृत्तीचे उदाहरण माणसांच्या परिषदेला जसेच्या तसे लावता येत नाही. त्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: शारदा लिपी शिकण्याचे कष्ट संपादकमंडळाने घेतले. काश्मीरच्या प्रतीला देवनागरीत लिहून या, मग तुमचा विचार करू, असे कोणी म्हणाले नाही.

हाच धागा १९८३ साली पुण्यात झालेल्या एका वेगळ्या प्रयोगात अधिक स्पष्ट दिसतो. दयाकृष्ण, मे. पुं. रेगे, आर. सी. द्विवेदी आणि मुकुंद लाठ यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक आणि पारंपरिक पद्धतीने शास्त्रे शिकलेले पंडित यांना समोरासमोर बसवले. त्याआधी असे घडत नव्हते असे नाही. पण प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनांबरोबर पंडित परिषद स्वतंत्र भरवण्याची जी प्रथा रूढ झाली तिच्यात पंडित संस्कृतात बोलत आणि प्राध्यापक इंग्रजीत. दोघेही एका मांडवाखाली, दोघेही एकमेकांना वंदनीय, आणि एकमेकांना बाधक नाहीत. पुण्याच्या प्रयोगात हा आदरयुक्त दुरावा मोडला गेला. बर्ट्रांड रसेलचा विधानविषयक विचार संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्याचे काम रेग्यांनी केले आणि न्यायशास्त्राच्या बाजूने त्यावर काय म्हणता येईल असे विचारले. या चर्चांचे 'संवाद' हे पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले.

येथे काय घडले याकडे सावकाश पाहायला हवे. प्रश्न आधुनिक बाजूने ठरवलेला होता, हे खरे. परंतु नैयायिकाला रसेलचे विधान ही वस्तू सहजी ओळखता येत नाही. त्याच्या व्यवस्थेत वाक्य आहे, वाक्यापासून होणारा शाब्दबोध आहे, आणि त्या बोधाचा विषय आहे. ज्ञान ही कोणा एका आत्म्याच्या ठिकाणी विशिष्ट क्षणी उपजणारी घटना आहे. वाक्य आणि वस्तू यांच्या मधोमध, कोणाच्याच मनात नसलेले आणि तरीही खरे किंवा खोटे असू शकणारे असे तिसरे काही तो मानत नाही. म्हणून त्याच्यापुढे रसेल संस्कृतात आला तेव्हा 'याविषयी तुमचे मत काय' या प्रश्नाआधी 'हे तुम्ही मानलेतच का' असा प्रश्न उभा राहतो. पाहुणा प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो प्रश्नच बदलतो. आणि हे शक्य झाले ते रसेल संस्कृतात आला म्हणून. पंडितांना इंग्रजी शिकून, रसेल वाचून, मग त्याच परिभाषेत आक्षेप नोंदवा असे सांगितले असते तर आक्षेप नोंदवण्याइतके इंग्रजी येईपर्यंत आक्षेपच विरून गेला असता. कारण परिभाषा शिकणे म्हणजे तिच्यातली गृहीतके अंगी मुरवणे.

तेव्हा निकष असा मांडता येईल: परिषदेत भाषांतराचा भार कोण वाहतो? भाषांतर येथे केवळ मराठीचे इंग्रजी करण्यापुरते समजायचे नाही. एका अनुभवाला दुसऱ्याच्या परिभाषेत, एका ज्ञानरीतीला दुसरीच्या मापात बसवण्याचे सगळेच श्रम त्यात येतात. ज्ञानव्यवहारात ज्याची भाषा चालते, ज्याच्या परिभाषेला प्रतिष्ठा आहे, तो जर हा भार उचलत असेल तर बोलावणे हे बोलावणे आहे. आणि जो आधीच दुबळा आहे त्याच्याच डोक्यावर तो असेल, तर विविधतेची घोषणा ही त्याच्याकडून घेतलेली आणखी एक वेठ आहे. पैठणच्या कथेत भार कोणावर होता हे सांगायला नको.

समाजशास्त्रांतल्या एका वादाला या निकषाने वेगळे वळण मिळते. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांच्या समतेविषयी शंका उपस्थित करताना सिद्धान्त मांडणारे आणि अनुभवाची सामग्री पुरवणारे अशी वर्णव्यवस्थाच तेथे आहे असे दाखवले. दलितांनी सिद्धान्त मांडला पाहिजे, ते नैतिक कर्तव्य आहे, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्धच आहे. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर त्यांनी २०१२ साली काढलेल्या ग्रंथात अनुभव आणि सिद्धान्त यांच्या नात्याची चर्चा पुढे गेली. गुरूंच्या भूमिकेतली धग निःसंशय खरी आहे. तथापि त्यांचे आवाहन मुख्यतः दुबळ्या बाजूला आहे: तुम्ही परिभाषा कमवा. शर्मिला रेगे यांनी १९९८ सालच्या आपल्या बहुचर्चित लेखात दुसऱ्या बाजूला हाक दिली. दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे म्हणून ते वेगळेपण त्यांच्याच पदरात बांधून ठेवणे ही सोय आहे. दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी इतरांनीही श्रमाने आत्मसात करायची असते आणि ती करताना स्वतःला नव्याने घडवावे लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. दोन्ही आवाहने एकमेकांना पूरक आहेत असे म्हणून वाद मिटवता येईल. पण यजमानाच्या कर्तव्याचा विचार करताना रेग्यांची बाजू अधिक उपयोगी आहे. परिषद भरवणारा दुसऱ्याने काय करावे हे ठरवू शकत नाही. आपण काय शिकून बसायचे एवढे तो ठरवू शकतो.

या निकषावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बलवानाने भाषांतर केले की भाषांतराची सत्ताही त्याच्या हाती जाते. वसाहतकाळातल्या प्राच्यविद्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा कष्टाळू, अभ्यासू आणि तरीही मालकी गाजवणाऱ्या भाषांतराचा इतिहास आहे. जोतीरावांना रानड्यांच्या सभेने आपले म्हणणे सुबोध प्रमाण मराठीत मांडून दाखवतो असे म्हटले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते याची कल्पना करता येते. म्हणून भार उचलणे पुरेसे नाही. ज्याचे भाषांतर होते त्याला 'हे माझे म्हणणे नव्हे' असे म्हणण्याचा आणि ते म्हणणे टिकण्याचा अधिकार हवा. पुण्यातल्या प्रयोगात पंडित हे म्हणू शकत होते, कारण आधुनिक विद्यापीठाच्या बाहेर त्यांची स्वतःची प्रतिष्ठा शिल्लक होती. लाहोरच्या मंडळासमोर आंबेडकरही म्हणू शकले. छापखान्याचे बिल भरण्याची आणि वाचक मिळवण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याचे काय? या ठिकाणी 'संवाद'च्या प्रयोगाचीही मर्यादा मान्य केली पाहिजे. परंपरा आणि आधुनिकता या एका अक्षावर तो आखलेला होता. जात आणि लिंग हे अक्ष त्याने आखलेच नव्हते, आणि न आखलेल्या अक्षावर त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

आक्षेपाची दुसरी बाजू अधिक साधी आणि म्हणून अधिक बोचरी आहे. तालुक्याच्या गावी होणाऱ्या एक दिवसाच्या चर्चासत्राकडून इतके सगळे मागायचे का? तेथे पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहून सात मिनिटे बोललेली मुलगी, दुसऱ्या विद्यापीठातल्या अध्यापकाशी जेवणाच्या रांगेत झालेली आणि पुढे पीएच.डी.पर्यंत नेणारी ओळख, हे काही थोडके नाही. विधीला विधी म्हणून किंमत असते. वारीत चालणाऱ्या प्रत्येकाला अभंगाचा अर्थ लागतोच असे नाही आणि तरी वारी निष्फळ नसते. हा युक्तिवाद बऱ्याच अंशी मान्य करायला हवा. मान्य होत नाही तो एवढाच भाग की विधीने स्वतःला संवाद म्हणवून घ्यावे. वारी स्वतःला चर्चासत्र म्हणत नाही.

निकष हातात घेऊन राजगुरुनगरकडे पाहिले तर चित्र काही अंशी बदलते. समजा, औद्योगिकीकरण आणि ग्रामीण समाजातील विविधता अशा काही विषयावर तेथे परिषद भरली आहे आणि जमीन गेलेला एक शेतकरी, पाहुणा म्हणून, बोलायला उभा आहे. तो सातबारा घेऊन आला आहे आणि 'पोटखराबा' या शब्दावर अडतो. पोटखराबा म्हणजे खातेदाराच्या क्षेत्रातली लागवडीला न येणारी जमीन. कागदावर ती पिकाखालच्या जमिनीपासून वेगळी दाखवलेली असते. पण बांध, ओघळ, खडकाळ तुकडा, गुरे चरायची जागा, पावसाळ्यात पाणी मुरण्याची जागा हे सारे त्या एका शब्दात गोळा झालेले आहे, आणि लागवडीला येत नाही म्हणजे उपयोगाची नाही हे शेतकऱ्याला मान्य नाही. इंग्रजी निबंधात याचे 'नापीक जमीन' या अर्थाचे रूपांतर होते आणि त्याबरोबर मूल्यनिर्णयही होऊन जातो: नापीक जमीन गेली तर काय गेले? सभागृहातल्या किती जणांना पोटखराबा म्हणजे काय ते ठाऊक असते, हा माहितीचा प्रश्न नाही. शेतकऱ्याने 'नापीक' हा शब्द शिकून यावे की अर्थशास्त्राच्या अध्यापकाने परिषदेच्या आधी आठ दिवस तलाठी कार्यालयात आणि बांधावर घालवावेत, हा प्रश्न आहे. दुसऱ्या पर्यायाला कोणत्याही विनियमात गुण नाहीत. सामंजस्य करार दोन विद्यापीठांत होतो. विद्यापीठ आणि दावडीचा बांध यांच्यात तो कोणी केलेला ऐकिवात नाही, आणि तसा करार लिहायचा तर कोणत्या भाषेत लिहायचा हेही ठरलेले नाही.

परिषद संपल्यावर निबंधांचा ग्रंथ निघतो. त्याला क्रमांक मिळतो, प्रत ग्रंथालयात जाते. त्या शेतकऱ्याचे बोलणे त्यात आले तर बहुधा 'स्थानिक प्रतिनिधीचे मनोगत' या मथळ्याखाली, शेवटच्या पानांवर, दुसऱ्याने शब्दांकन केलेले येईल. छपाईला जाण्यापूर्वी तो मजकूर त्याच्या घरी नेऊन त्याला मोठ्याने वाचून दाखवणे, त्याने जेथे थांबवले तेथे थांबणे, आणि 'पोटखराबा' हा शब्द तो सांगेल तसा, भाषांतराविना, मूळ लेखांच्या संहितेत ठेवणे, एवढे काम संपादकाकडे उरते. त्याला एक दुपार लागते, आणि रस्ता खराब असल्यास संध्याकाळही.